वसंतापर्यंतचा चारा

१९ मार्च

सकाळी उणे दोन अंश. बर्फ पडला नाही. अंगणात बर्फ मोजायच्या खुंटावर एक मीटर दहा. नऊ वाजता वाटेवरचा बर्फ ओढला. दुपारी, काल आलेल्या लोकांसाठी काढलेल्या वाट्या पुसून परत खोक्यात भरल्या.

मिनाए कावानो यांस,

बऱ्याच दिवसांनी लिहीत आहे. कोहेई २९ जानेवारीला गेला. अपघात होता. काल एकोणपन्नासावा दिवस झाला. देवळातले भिक्षू आले होते, शेजारची सात-आठ माणसं होती. अस्थी अजून घरातच आहेत. स्मशान बर्फाखाली आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. मे महिन्यात थडग्यांचे दगड दिसायला लागले की ठेवू. तुम्हाला वेळेवर कळवायला हवं होतं, पण पत्ता सापडला नाही. क्षमा असावी.

लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. तुमची आणि कोहेईची फारकत होऊन तीन वर्षं झाली, तेव्हा हा त्रास तुम्हाला देणं योग्य नाही. पण दुसरं कुणी विचारायला नाही.

कोहेईची पिशवी माझ्याकडे राहिली होती. ती मी पंधरा तारखेला उघडली. दोन गंजीफ्रॉक, दाढीचं सामान आणि तो हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. बॅटरी संपली होती. चार्जर पिशवीतच होता, म्हणून लावला. तासाभरानं पडदा उजळला आणि शेत दिसलं. तुमच्या दोघांचं शेत. फाटकावर दोघांची नावं आहेत. सगळीकडे बर्फ आहे. खुराड्यात पाच कोंबड्या आहेत आणि प्रत्येकीच्या डोक्यावर रिकाम्या वाटीचं चित्र येतं. भुकेल्या आहेत, असा मी अर्थ लावला.

कोहेई आठ वर्षांचा असताना त्याच्याकडे किल्लीला अडकवायचं एक प्लास्टिकचं अंडं होतं. आतल्या पिल्लाला वेळेवर खायला घातलं नाही तर ते मरायचं. शाळेत न्यायची बंदी होती, म्हणून तो ते सकाळी माझ्या खिशात टाकायचा. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, बैठक चालू असताना, मी टेबलाखाली त्याला भात घालायचो. एकदा कालव्याच्या तपासणीत विसरलो. संध्याकाळी पिल्लाच्या जागी थडगं दिसत होतं. कोहेई दोन दिवस माझ्याबरोबर आंघोळीला आला नाही. तेव्हा ही यंत्रं कशी असतात हे मला माहीत आहे. इतके दिवस बॅटरी नव्हती म्हणून कोंबड्या जागच्या जागी राहिल्या असतील. आता सुरू मी केलं आहे, तेव्हा जबाबदारीही माझीच.

रोज सकाळी पितरांच्या देव्हाऱ्यापुढे भात ठेवतो, घंटा वाजवतो आणि मग यंत्र उघडतो. कोठारातून चारा कसा काढायचा हे कळायला दोन दिवस गेले. ते दोन दिवस त्या उपाशी राहिल्या. पडद्यावरच्या कोहेईच्या बाहुलीला घरात नेऊन निजवलं की तिथं दुसरा दिवस उजाडतो. मी उघडलं तेव्हा हिवाळ्याची पाच तारीख होती. आज नऊ आहे.

रोज किती चारा घालायचा, खुराड्याचं दार उघडं ठेवायचं की बंद, आणि हिवाळा किती दिवसांचा असतो, एवढं कळवलंत तर उपकार होतील. माझ्या हातून ह्या कोंबड्या मरू नयेत, एवढीच इच्छा आहे.

तिकडे दक्षिणेत आता फुलं आली असतील.

त्सुनेओ हागा


२८ मार्च

सकाळी शून्य. रात्री ओला बर्फ पडला, दहा सेंटीमीटर. खुंटावर सत्त्याण्णव. तुझं पत्र काल दुपारी आलं.

मिनाए,

‘तुम्ही’ म्हणू नका, सरकारी नोटीस आल्यासारखं वाटतं, असं तू लिहिलंस, म्हणून पूर्वीसारखं लिहितो.

‘पत्ता सापडला नाही म्हणता, पण पाकिटावर तो बिनचूक होता,’ हेही तू लिहिलंस. त्यावर काय लिहावं याचा काल रात्री जेवताना विचार केला. पत्ता होता. नववर्षाची तुझी तिन्ही पत्रं तुझ्या सासूच्या, एइकोच्या, शिवणाच्या डब्यात आहेत. मुद्दामच कळवलं नाही. तू आली असतीस तर मला तुझ्यासमोर बसावं लागलं असतं. तुला फेब्रुवारीत कोहेईच्या कचेरीतल्या माणसाच्या फोनवरून कळलं, आणि तेव्हा दाताच्या दवाखान्यात तुझ्या हातात कुणाच्या तरी कवळीचा साचा होता, हे वाचलं. तो साचा खाली ठेवायचं सुचलं नाही, असं तू लिहिलं आहेस. मला वाचल्यापासून तेच दिसतं आहे.

फोन नंबर दिलास त्याबद्दल आभारी आहे. फोनवर मला बोलता येत नाही. पत्रच बरं.

आता कोंबड्यांचं. तुझं उत्तर यायला उशीर होईल असं धरून मी शेजारच्या फुसाआजींना विचारलं होतं. त्यांनी चाळीस वर्षं कोंबड्या पाळल्या. यंत्रातल्या आहेत हे सांगायची मला लाज वाटली.

त्या वाटेवर फावडं टेकून उभ्या होत्या. मी म्हणालो, “आजी, हिवाळ्यात कोंबड्यांना काय घालायचं?”

“तुझ्याकडे कुठनं आल्या कोंबड्या?”

“कोहेईच्या आहेत.”

त्यांनी फावडं बर्फात रोवलं. मग म्हणाल्या, “किती?”

“पाच.”

“कोंबडा?”

“नाही.”

“बरंय मग. बायकाच बायका. भांडतील पण निभावतील. खायला काय घालतोस?”

“वाळलेलं गवत.”

“गवत? अरे, कोंबड्या आहेत का गाई? जन्मभर कालव्याचं पाणी मोजलंस, आता डोक्यातही पाणीच साठलंय. कोमट पाण्यात कोंडा कालवून दे. मुळ्याचा पाला चिरून टाक. आणि ऊन पडलं की सोड बाहेर. कोंडलेली कोंबडी दुसरीची पिसं उपटते.”

“सोडू?”

“सोड म्हणजे सोड. आवाज कसा नाही येत रे त्यांचा?”

“शांत आहेत.”

“तुझ्यावर गेल्यात म्हणायच्या.”

चोवीस मार्चला यंत्रात चांगलं ऊन पडलं होतं. मी खुराड्याचं दार उघडलं. कोंबड्या बाहेर आल्या, चार पावलं चालल्या आणि बर्फात उभ्या राहिल्या. मला वाटलं, हवा खात आहेत. संध्याकाळी आत घेतल्या. दुसऱ्या दिवशी तीळ नावाची कोंबडी कोपऱ्यात बसून होती. तिच्या डोक्यावर कवटीचं चित्र येतं. चारा घातला तरी उठत नाही. आज चौथा दिवस.

‘बर्फात चुकूनही सोडू नका,’ असं तुझ्या पत्रात अगदी वर, अधोरेखित आहे. ते तीन दिवस आधी आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याआधी मी पत्र लिहायलाच दीड महिना लावला, तेव्हा टपालाला दोष देता येत नाही.

ह्या दुखण्यावर औषध असतं का? असल्यास कुठे मिळतं? यंत्रातल्या त्या गावात फिरलो, पण ज्या दुकानात शिरावं तिथला माणूस मला हवापाण्याचं विचारतो आणि गप्प होतो. इथल्यासारखंच आहे.

एक विचारायचं होतं. चार कोंबड्यांची नावं तीळ, आलं, मुळी आणि शेंग अशी आहेत. पाचवी काळी आहे. तिचं नाव त्सुनेओ आहे. हे माझ्यावरून आहे का? रागावण्यासाठी विचारत नाही.

त्सुनेओ


७ एप्रिल

सकाळी चार अंश. खुंटावर अडुसष्ट. ओढ्याचा आवाज यायला लागला. वाटेवर बर्फ ओढावा लागला नाही.

मिनाए,

तुझी चिठ्ठी एकतीसलाच मिळाली. जलद टपालानं पाठवलीस, त्याची गरज नव्हती, पण बरं झालं. औषध टेकडीखालच्या पाटीलबाईकडे मिळतं आणि ती बुधवारी दार उघडत नाही, हे मला कधीच कळलं नसतं. तिला तुम्ही दोघं पाटीलबाई का म्हणत होतात, तेही कळलं. माझं ऐकून न घेता तिनं मला तीन वेळा खुराडं साफ करायला सांगितलं.

तिळीला लागोपाठ दोन दिवस औषध दिलं. तिसऱ्या दिवशी ती उठली. चारा खाल्ला. मी देव्हाऱ्यापुढे एइकोला आणि कोहेईला सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, हे नंतर लक्षात आलं.

‘काळी कोंबडी तुमच्यावरूनच. कुणी जवळ गेलं की पाठ फिरवते, पण चारा घालणारा निघाला की दारापर्यंत मागे येते. नाव कोहेईनं ठेवलं, मी नाही.’ हे दोनदा वाचलं. कोंबडी तसं करते खरी. मी तपासलं.

फुसाआजींना मी शेवटी यंत्र दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पडदा नाकाशी धरला.

“एवढुशा?”

“हो.”

“ह्यांच्यासाठी तू मला मुळ्याचा पाला मागितलास?”

“मागितला नाही. तुम्हीच आणून दिलात.”

“आणि तू ठेवून घेतलास.”

“आमटीत घातला.”

त्या हसल्या नाहीत. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझ्या कोंबड्या मी डिसेंबरातच कापायची. घरातल्या तोंडांनाच पुरत नव्हतं तर त्यांना कुठनं घालणार? पूर्ण हिवाळा मी एकाही कोंबडीला काढू दिला नाही. तुला आपली ऐकीव गोष्ट सांगितली.” यंत्र परत देताना म्हणाल्या, “छपरावर बर्फ बघ किती. आणि कुणाला फिकीर नाही.”

ते मीही पाहिलं होतं. पहिल्या दिवसापासून खुराड्याच्या छपरावर बर्फ तेवढाच आहे. वाढत नाही, घसरत नाही. त्या गावात कुणी शिडी लावत नाही.

आज सकाळी तुझं मोठं पत्र आलं. तू लिहिलंस, की हे यंत्र त्या अंड्यासारखं नाही. बंद ठेवलं की आतला दिवसही थांबतो. वर्षभर बंद ठेवलं तरी कोंबड्या उपाशी राहत नाहीत, आजारी पडत नाहीत. बाहुलीला निजवलं तरच दिवस पुढे सरकतो.

म्हणजे मी हात लावला नसता, तर हिवाळ्याची पाच तारीख तशीच राहिली असती. कोहेईनं २८ जानेवारीच्या संध्याकाळी निजवल्यावर जी सकाळ झाली, ती. ती सकाळ मी पुसली. त्यावर तेवीस दिवस चढवले. एक दिवस चुकू नये म्हणून घड्याळ लावून उठत होतो.

तू पुढे लिहिलंस, ‘आम्ही वेगळे झालो तेव्हा शेतात दुसऱ्या वर्षाचा शरद संपत आला होता. तीन वर्षांनी तुम्ही उघडलंत तेव्हा त्याच वर्षाच्या हिवाळ्याची पाच तारीख. म्हणजे तीन वर्षांत त्यानं जेमतेम आठवडाभर पुढे नेलं. तो रोज खेळत असेल असं मी धरून चालले होते.’

मलाही तसंच वाटत होतं. रविवारसाठी तो दर आठवड्याला आदल्या संध्याकाळीच यायचा आणि शेगडीच्या टेबलाशी, पांघरुणात पाय घालून, ते यंत्र घेऊन बसायचा. बहुतेक नुसताच बघत बसत असावा. त्या शेवटच्या संध्याकाळी मी त्याला म्हणालो, “अजून त्याच कोंबड्या?”

“त्याच.”

“चौतिशी आली तुझी. खऱ्या पाळ, निदान अंडी तरी मिळतील.”

“खऱ्या पाळल्या तर रोज यावं लागेल, बाबा. मग तुम्हीच वैतागाल.”

“मी कशाला वैतागेन?”

तो यंत्राकडे बघत म्हणाला, “चला, आज एक दिवस पुढे नेऊ या.” मी विचारलं नाही, कशाला. मला वाटलं, मला टोमणा मारल्यावर विषय बदलायचा म्हणून काहीतरी बोलला.

आज यंत्रात हिवाळ्याची अठ्ठावीस तारीख आहे. चारा घातला आहे. तू लिहिलंस, की ह्यापुढे निजवलं की वसंत. आज निजवलं नाही. तसंच बंद केलं आहे.

त्सुनेओ


१८ एप्रिल

सकाळी सहा अंश. धुकं. खुंटावर बत्तीस. भिंतीच्या दक्षिणेला जमीन दिसली. यंत्र अकरा दिवस बंद आहे.

मिनाए,

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. पहिली तीन शेगडीत घातली.

कोहेई कसा गेला हे तू एकदाही विचारलं नाहीस. छपरावरून पडला एवढं तुला त्या कचेरीतल्या माणसानं सांगितलं असेल.

त्या दिवशी खुंटावर दोन मीटर चाळीस होतं, छपरावर सव्वा मीटर. तो आठ वाजता चढला. दोर बांधला नव्हता. ह्या घरात कुणी कधी बांधला नाही, दोर फावड्यात अडकतो असं माझे वडील म्हणायचे आणि मीही म्हणतो. मी खाली उभा होतो. दहाला ऊन आलं. ऊन आलं की छपरावरून उतरायचं, हे इथं चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. मी ओरडून म्हणालो, “राहू दे आता, ऊन आलं.” तो म्हणाला, “वळचणीचं तेवढं राहिलंय, बाबा. पुढच्या रविवारी जमायचं नाही.” मी दुसऱ्यांदा म्हणालो नाही. निम्म्या छपराचा बर्फ एकदम सुटला. फुसाआजी आणि मी फावड्यांनी उकरलं. सोळा मिनिटं लागली.

हे पोलिसांनी लिहून घेतलं आहे. ह्यापुढचं कुणाला सांगितलेलं नाही.

दर ऑक्टोबरला नगरपालिकेकडून एक कागद येतो. पासष्टच्या वरचा माणूस एकटा राहत असेल तर छपरावरचा बर्फ काढायला ते दोन माणसं पाठवतात. नाव लिहायचं, छपराचा उतार लिहायचा आणि शिक्का मारायचा, एवढंच. एइको गेली त्या वर्षी पहिला कागद आला. तेव्हा तुम्ही दोघं तिकडे दक्षिणेत घर घ्यायचं म्हणत होतात. तुझ्या वडिलांनी कोहेईसाठी नोकरीही बघून ठेवली होती. तुम्ही मला सांगायला आलात ती रात्र तुला आठवत असेल. मासा होता. मी म्हणालो, “जा ना. छपराचं माझं मी बघून घेईन.” कोहेईनं जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. नंतर तू अंगणात त्याला म्हणालीस, “ते बघतील म्हणतायत ना? मग?” आणि तो म्हणाला, “तुला बाबा माहीत नाहीत.” खिडकी उघडी होती.

मी काय करतो आहे हे मला कळत होतं. तो कागद तेव्हा माझ्या पाठीमागच्या खणात होता.

तो मी भरला नाही. पुढच्या वर्षीचाही नाही. चारही खणात आहेत. भरला असता तर दोन अनोळखी माणसं आली असती, दोन तासांत काम उरकून गेली असती. कोहेई तुझ्याबरोबर गेला असता. दोन-तीन वर्षांतून एकदा, उन्हाळ्यात, पितरांच्या दिवसांत आला असता. छपराची मला काळजी नव्हती. मला रविवार हवे होते.

तू त्याला सोडून गेलीस असं मी ह्या गावात तीन वर्षं सांगितलं. फुसाआजींना, भिक्षूंना, टपालवाल्यालासुद्धा. तू गेलीस हे खरं आहे. त्याला इथं बांधून कुणी ठेवलं, हे मी सांगितलं नाही.

माफी मागायला लिहीत नाही. माफी मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. तू आता त्याच्या जाण्याबद्दल स्वतःला काही बोलत असशील, तर ते बोलू नकोस, एवढ्यासाठी लिहिलं.

यंत्र हिवाळ्याच्या शेवटच्या दिवसावर आहे. तुझं काही आल्याशिवाय निजवणार नाही. आलं नाही तरी कोंबड्यांना काही होणार नाही, हे तूच मला सांगितलंस. तुला हवं असेल तर टपालानं पाठवतो. ते तुम्हा दोघांचं आहे.

त्सुनेओ


१४ मे

सकाळी अकरा अंश. ऊन. अंगणात बर्फ नाही, फक्त छपराखाली जिथे ढीग होता तिथे थोडा काळा बर्फ आहे. खुंट काढून कोठीत ठेवला. दुपारी वारा होता.

मिनाए,

सात तारखेला कोहेईच्या अस्थी ठेवल्या. भिक्षू, फुसाआजी आणि मी. दगड हलवायला भिक्षूंनी बाह्या वर केल्या. आत एइकोच्या शेजारी जागा कोरडी होती. फुसाआजींनी भाताचे गोळे आणले होते. स्मशानातच बसून खाल्ले. त्या म्हणाल्या, “त्या मुलीला कळवलंस ना ह्या वेळी?” मी म्हणालो, “कळवलं. कार्ड टाकलं.” त्या म्हणाल्या, “मग झालं. येणं-न येणं तिचं.” मी त्यांना त्या कागदांचंही सांगितलं. त्या बराच वेळ भाताचा गोळा हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, “मला वाटलंच होतं,” आणि खायला लागल्या.

तुझं पत्र काल आलं. तुझी वाक्यं मी इथं उतरवून घेतो, म्हणजे मी ती नीट वाचली हे तुला कळेल.

‘तुमचं पत्र मी तीन आठवडे फ्रिजवर ठेवलं होतं. मी रागावले आहे. हा राग लवकर जाईल असं वाटत नाही, आणि तो जावा म्हणून मी काही करणारही नाही. त्या रात्री खणात कागद होता, हे मला माहीत असतं तर मी तो स्वतः भरून शिक्का मारला असता. उताराचं काय लिहायचं तेही मला येत होतं. कोहेईला दोन पाय होते, तो निघू शकत होता, हेही मी रोज स्वतःला सांगते. दोन्ही खरं आहे.

‘यंत्र पाठवू नका. मी उघडू शकणार नाही. पण त्यांना अठ्ठावीस तारखेवर ठेवू नका. त्यानं तीन वर्षं तेच केलं. तुम्ही त्याची सकाळ पुसलीत असं मला वाटत नाही. तो स्वतःच ती पुढे न्यायला निघाला होता.

‘निजवा. वसंताच्या पहिल्या दिवशी दार उघडा. मग लगेच गवताचं बी पेरा. पुढच्या हिवाळ्याची बेगमी वसंतातच सुरू करावी लागते. पहिल्या वर्षी आम्ही विसरलो आणि पानगळीत दोघं विळा घेऊन गवताच्या काड्या शोधत गावभर हिंडलो. पेरल्यावर कुंपण घाला. कोंबड्या कोंब वर येऊ देत नाहीत.’

पितरांच्या दिवसांत येणार का, हे तू लिहिलं नाहीस. मी विचारत नाही.

आज सकाळी देव्हाऱ्यापुढे भात ठेवला, घंटा वाजवली आणि यंत्र उघडलं. अठ्ठावीस तारीख. चारा घातला. दुपारपर्यंत बाहुलीला शेतात तसंच उभं ठेवलं. मग घरात नेऊन निजवलं.

इथं बर्फ जायला दोन महिने लागतात. तिथं एका रात्रीत गेला. छपरं लाल आहेत, हे मला आजच कळलं. खुराड्याचं दार उघडलं. आधी कुणी बाहेर आलं नाही. मी बाजूला झालो. मग मुळी आली, मागोमाग शेंग. तीळ उंबऱ्यावर थांबली, मान आत-बाहेर केली आणि आली. आलं आणि काळी सगळ्यांच्या शेवटी आल्या. डोक्यावर कसलंच चित्र नव्हतं. जमिनीवर चोची मारायला लागल्या.

बी पाटीलबाईकडे मिळालं. तिनं विचारलं, “ह्या वर्षी आठवण राहिली वाटतं?” सगळ्यांना ती तेच विचारत असावी. मी तरी ‘हो’चं बटण दाबलं.

खुराड्याच्या पूर्वेला जागा निवडली. तिथं दगड होते, ते एकेक करून उचलून कडेला लावले. वाळलेली झुडपं तोडली. नऊ ओळींत नऊ असे एक्याऐंशी चौकोन भरले. एका चौकोनात बी दोनदा पडलं, ते परत घेता येत नाही. मग कुंपण घातलं. खांबांची ओळ एका ठिकाणी वाकडी झाली होती, ती उपटून सरळ केली. कोंबड्या कुंपणाच्या बाहेर फिरत होत्या. सूर्य मावळल्यावर त्या आपणहून आत गेल्या. मी आत जाऊन मोजल्या आणि दार लावलं.

पाच वाजलेत. आता यंत्र चार्जरला लावतो. मग अंगणातला तो उरलेला बर्फ फावड्यानं फोडून पसरणार आहे. पसरला की दोन दिवसांत जातो.

त्सुनेओ